रुग्णवाहिका वाढवा, पण रस्ता कुठे आहे?

सातपुड्यातील धडगाव आणि अक्कलकुवा (जि. नंदुरबार) तालुक्यांत रुग्णवाहिकांची संख्या वाढवावी, अशी मागणी करणारा लेख वाचला. ही मागणी रास्त असली तरी अपुरी आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून सुरू आहे. परंतु जिथे रस्ता संपतो तिथे गाडीही थांबते, आणि त्यापुढच्या पाड्यावरून अडलेली बाळंतीण किंवा सर्पदंश झालेला माणूस बांबूला बांधलेल्या झोळीतूनच खाली आणावा लागतो. पावसाळ्यातील निसरड्या उतारावर पुढच्या माणसाला बांबू खांद्याच्या वर उचलून धरावा लागतो, नाहीतर झोळी पुढे घसरते. शिवाय १०८ ला फोन करायचा तर आधी मोबाइलला रेंज हवी, हे शहरात बसून सहसा लक्षात येत नाही.

डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र (मैदानी भागात ५,०००) हा निकष सवलतीचा वाटतो खरा, पण तो डोकी मोजतो, वाट मोजत नाही. विखुरलेल्या पाड्यांत एवढी लोकसंख्या भरायला कित्येक टेकड्या ओलांडाव्या लागतात.

माझ्या मते अधिक भर माहेरघर योजनेवर हवा. प्रसूतीच्या काही दिवस आधीच गरोदर स्त्रीने प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावे, ही कल्पना उत्तम आहे. मात्र घरी लहान मुले आणि शेतीची कामे सोडून ती येणार असेल, तर सोबतच्या माणसांची राहण्या-जेवणाची सोय आणि बुडालेली मजुरी वेळेवर मिळायला हवी.