मुंबईहून डायरेक्ट म्हणजे गोव्याहून डायरेक्ट नव्हे

गणपतीची चवथ आटोपली की आमच्याकडे गोव्यात परदेशी सहलींचे बेत सुरू होतात, आणि त्यांच्या मागोमाग एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो मला चार वेगवेगळ्या लोकांकडून आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘परदेशातलं शहर बघायला जाताना कनेक्टिंग तिकीट कधीही घेऊ नका. मुंबईला जा, तिथून डायरेक्ट विमान पकडा. वेळ वाचतो, सामान हरवत नाही, ट्रान्झिट व्हिसाची कटकट नाही, अधेमधे अडकायची भीती नाही, आणि विमान एकदाच उडतं-उतरतं म्हणून धोकाही निम्मा.’

फोंड्याला आमच्या वाड्यावरच्या सर आणि बाईंनी हा मेसेज वाचून आठवडाभराच्या लिस्बनच्या सहलीसाठी मुंबईपर्यंतचं तिकीट वेगळं काढायचं ठरवलं होतं. दोघंही निवृत्त, पैसे पै-पै करून साठवलेले. त्यांनी सहज विचारलं म्हणून मला कळलं. बाकी किती जण न विचारता तिकीट काढून मोकळे होत असतील, या काळजीपोटी एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय.

‘मुंबईला जा, तिथून डायरेक्ट’

सगळ्यात मोठी चूक इथेच आहे. अंधेरीत राहणाऱ्या माणसाला हा सल्ला बऱ्याच अंशी लागू पडतो. फोंडा, डिचोली किंवा काणकोणच्या माणसाला नाही. आपण गोव्याहून निघतो तेव्हा मुंबई हेच आपलं कनेक्शन असतं. विमान तिथेही बदलावंच लागतं. फरक एवढाच, की दोन तिकिटं वेगवेगळी काढली तर तो सांधा कुणाच्याच जबाबदारीचा राहत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. दोन वर्षांपूर्वी जुलैत दादा आणि वहिनी लंडनला मुलीकडे निघाले. गोवा-मुंबई एका कंपनीचं तिकीट, मुंबई-लंडन दुसऱ्या कंपनीचं. मध्ये पाच तास ठेवले होते, भरपूर वाटले. पावसामुळे गोव्याचं विमान तीन तास उशिरा सुटलं. उतरले टर्मिनल एकवर, सांताक्रूझच्या बाजूला. सामानाच्या पट्ट्यापाशी अर्धा तास. तिथून बाहेर पडून टॅक्सीने टर्मिनल दोन, म्हणजे सहार. नकाशावर अंतर चार-पाच किलोमीटर, पण पावसात आणि ट्रॅफिकमध्ये त्या अंतराला काही अर्थ नसतो. काउंटर तासभर आधी बंद होतो, आणि हे पोचले तेव्हा तो बंद झालेला होता.

पहिल्या कंपनीचं म्हणणं, आम्ही तुम्हाला मुंबईला पोचवलं. दुसरीचं म्हणणं, तुम्ही आलाच नाहीत. कागदोपत्री दोघांचंही बरोबर होतं. जाण्याचं तिकीट गेलंच, आणि त्याच बुकिंगवरचं परतीचंही रद्द झालं, कारण पहिला टप्पा चुकला की पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात. दोघांची नवी तिकिटं त्याच रात्री, त्या रात्रीच्या भावाने घ्यावी लागली. वहिनी अजून त्या रात्रीबद्दल बोलत नाही.

तेच गोवा-मुंबई-लंडन एका बुकिंगवर, एका पीएनआरवर असतं, तर पहिलं विमान उशिरा आल्यावर पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीची होती. सामान गोव्यातच लंडनपर्यंत टॅग झालं असतं. आणि एका तिकिटावर दोन विमानांमधलं अंतर त्या विमानतळासाठी ठरलेल्या किमान वेळेपेक्षा कमी असेल, तर ते तिकीट विकायलाच येत नाही.

आता मुंबईचा घोळ आणखी वाढला आहे. २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. ‘मुंबई’ समजून घेतलेलं स्वस्त तिकीट तिथे उतरवणारं निघालं, तर सहारला जायला खाडी ओलांडून अख्खं शहर पार करावं लागेल. आपल्याकडेही तेच. दाबोळी आणि मोपा दोन्ही ‘गोवा’च. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. परतीचं विमान दुसऱ्याच विमानतळावर उतरणार असेल तर दाबोळीला ठेवलेली गाडी घ्यायला पेडण्याहून मुरगाव तालुक्यात यावं लागतं.

‘मग रेल्वेने जाऊ’ असं म्हणणारे भेटतात. जरूर जा, पण एक दिवस आधी. २०२४ च्या ९-१० जुलैला पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं आणि कोकण रेल्वे बंद पडली. त्याच आठवड्यात खेडजवळ दरड आली. पावसाळ्यात कोकणातून जाणाऱ्या कुठल्याही रस्त्याच्या भरवशावर त्याच रात्रीचं आंतरराष्ट्रीय विमान ठेवू नये.

‘डायरेक्ट म्हणजे मध्ये कुठे थांबत नाही’

मेसेजात हे गृहीत धरलंय, आणि तेही चुकीचं आहे. विमान कंपन्यांच्या भाषेत ‘डायरेक्ट’ म्हणजे एकच फ्लाइट नंबर. मध्ये उतरणं त्यात बसतं. न थांबता जाणाऱ्याला ‘नॉन-स्टॉप’ म्हणतात. क्वांटासचं सिडनी-लंडन विमान एकाच नंबराने जातं, पण सिंगापूरला उतरतं. सिंगापूर एअरलाइन्सचं न्यूयॉर्कहून निघालेलं एक विमान फ्रँकफर्टला उतरून सिंगापूरला जातं. तेव्हा बुकिंग करताना शब्द बघू नका, ‘थांबे’ या रकान्यातला आकडा बघा. तिथे शून्य असेल तरच शून्य.

‘वेळ वाचतो’

हा हिशेब घराच्या दारापासून करायचा असतो, मुंबईच्या धावपट्टीपासून नाही. मुंबई-लंडन साधारण दहा तास. त्याआधी गोवा-मुंबई सवा तास, आणि वेगळ्या तिकिटावर मध्ये किमान पाच-सहा तास ठेवायलाच हवेत. म्हणजे सतरा तासांच्या आसपास. मोपाहून दोहा साधारण चार तास, दोहाहून लंडन सात ते साडेसात, मध्ये अडीच तास धरले तरी चौदा. ‘कनेक्टिंग’ तिकीट इथे तीन तासांनी लवकर पोचवतं. अर्थात मधली थांबण्याची वेळ नऊ-दहा तासांची असेल तर हा हिशेब उलटतो, आणि स्वस्त तिकिटं नेमकी तसलीच असतात. पाच दिवसांच्या सहलीत एक अख्खी सकाळ विमानतळावरच्या खुर्चीत घालवून वाचवलेले पैसे मला तरी वाचलेले वाटत नाहीत.

लिस्बनचं तर आणखी सोपं आहे. मुंबईहून लिस्बनला थेट विमानच नाही. सर आणि बाई मुंबईला जाऊन पुन्हा कुठेतरी विमान बदलणारच होते. म्हणजे मेसेजाचं ऐकून त्यांच्या वाट्याला दोन बदल आले असते, आणि आखातातून गेल्यास एकच.

परतीचा हिशेब तर कुणीच करत नाही. परदेशातून मुंबईमार्गे गोव्याला येताना इमिग्रेशन मुंबईला होतं, आणि सहसा सामानही तिथेच उतरवून, कस्टममधून नेऊन, पुन्हा चेक-इन करावं लागतं. रात्रभराच्या प्रवासानंतर, पहाटे, त्या रांगांत. दोहा किंवा मस्कतमार्गे मोपाला उतरलात तर इमिग्रेशन आणि कस्टम दोन्ही मोपालाच, आणि बाहेर घरची गाडी उभी.

‘सामान हरवत नाही’

यात तथ्य आहे, ते मान्य करतो. विमान बदलताना बॅग मागे राहण्याची शक्यता जास्त असते. विमान कंपन्यांना आणि विमानतळांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सीटा या संस्थेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये उशिरा पोचलेल्या बॅगांपैकी ४६ टक्के बॅगा विमान बदलतानाच रखडल्या. पण त्याच अहवालातला दुसरा आकडा मेसेजात कधी येत नाही: त्या वर्षी गडबड झालेल्या बॅगा हजार प्रवाशांमागे ६.९ होत्या, आणि त्यांतल्या ७७ टक्के फक्त उशिरा आल्या. हरवलेल्या किंवा चोरीला गेलेल्या ५ टक्के.

म्हणून हातातल्या बॅगेत औषधं, एक दिवसाचे कपडे आणि चार्जर ठेवा. बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधीच लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. माँट्रियल करार भारताला लागू आहे. त्यानुसार नुकसानीची तक्रार ७ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत लेखी करायची असते. घरी येऊन, दम खाऊन, मग बघू म्हणणाऱ्यांचे हक्क ही मुदत टळली की संपतात.

‘ट्रान्झिट व्हिसाची कटकट’

कुठून जाता यावर सगळं अवलंबून आहे, आणि मेसेज सगळ्या विमानतळांना एकाच मापाने मोजतो. दोहा, दुबई, अबुधाबी, मस्कत: एका तिकिटावर विमानतळाच्या आतूनच पुढे जायचं असेल तर भारतीय पासपोर्टला व्हिसा लागत नाही. लंडनमार्गे तिसऱ्या देशात जायचं असेल तर सहसा लागतो, अमेरिका-कॅनडासारख्या काही देशांचा व्हिसा असलेल्यांना सूट आहे. युरोपात देशागणिक नियम वेगळे आहेत आणि बदलतही आहेत, म्हणून तिकिटाआधी त्या देशाच्या दूतावासाचं पान वाचावं, एजंटच्या शब्दावर राहू नये.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. एकाच घरात आईचा पासपोर्ट भारतीय, मुलाचा पोर्तुगीज, असं कितीतरी ठिकाणी असतं. मुलाला चालणारी वाट आईला चालेलच असं नाही. उलटही होतं: पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला जाणाऱ्यांना २ एप्रिल २०२५ पासून ईटीए ही आगाऊ परवानगी घ्यावी लागते. तिकीट काढताना घरातला प्रत्येक पासपोर्ट समोर ठेवून वेगळा विचार करा.

आणि लिस्बनला जाणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर लक्षात घ्यावी. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदललंत तर शेंगेनमधला, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातला, प्रवेश तिथेच होतो, लिस्बनला नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली, पहिल्यांदा जाणाऱ्याचे बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. त्या रांगेत उभे असताना पुढचं विमान सुटायची वेळ जवळ येत असते. दीड तासाचं कनेक्शन तिकिटावर बरोबर असलं तरी पहिल्या खेपेला मी तीन तासांखाली जाणार नाही. आखातातून गेलं तर ही रांग लिस्बनलाच लागते, आणि पुढे चुकण्यासारखं विमान नसतं.

‘अधेमधे अडकायची भीती नाही’

२३ जून २०२५ ला कतारचं आकाश काही तास बंद झालं तेव्हा दोहामार्गे जाणारे पुष्कळ लोक अडकले. ही भीती खोटी नाही, आखातातल्या बातम्या बघूनच तिकीट काढावं. पण थेट विमानंही आकाशातूनच जातात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केल्यावर दिल्लीहून अमेरिकेला न थांबता जाणाऱ्या विमानांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावं लागलं. आपल्या मोपाहून लंडनच्या गॅटविक विमानतळाला जाणारं एअर इंडियाचं थेट विमानही जून २०२५ मध्ये स्थगित झालं होतं.

अडकल्यावर तुमची सोय कोण करणार, हे आधी ठरलेलं असावं. एका तिकिटावर ती कंपनी करते. शिवाय युरोपातून परतताना २००४ सालचा युरोपीय संघाचा नियम तुमच्या बाजूने असतो: एकाच बुकिंगवर अंतिम ठिकाणी, म्हणजे गोव्याला, तीन तासांहून जास्त उशीर झाला आणि दोष कंपनीचा असेल, तर इतक्या लांबच्या प्रवासासाठी माणशी ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. तुकड्या-तुकड्यांच्या तिकिटांवर तो उशीर धरलाच जात नाही.

‘धोका निम्मा’

२०२४ मध्ये जगभरात सुमारे ८ लाख ८० हजार उड्डाणांमागे एक अपघात झाला, असं आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा अहवाल सांगतो. इतक्या छोट्या आकड्याच्या निम्म्यासाठी मुंबईचा रातराणी स्लीपर कोच आणि राष्ट्रीय महामार्ग ६६ पत्करायचा असेल, तर धोका कमी झालेला नाही.

थेट विमानाच्या मी विरोधात नाही. मोपा किंवा दाबोळीहून तुमच्या शहराला न थांबता जाणारं विमान मिळत असेल, तर थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घ्या. वेळापत्रकं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी बदलतात, त्यानंतर एकदा बघाच. तान्हं मूल बरोबर असेल, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं असेल, मधुमेहाच्या इंजेक्शनच्या वेळा असतील, तर एक बदल कमी होणं मोलाचं आहे. अशा वेळी मुंबईहूनच जायचं असेल तरी हरकत नाही. फक्त गोव्यापासूनचं तिकीट एकच असू द्या, किंवा आदल्या दिवशी मुंबईला पोचून रात्रभर झोप घ्या.

बाईंना दम्याचा त्रास आहे, म्हणून आम्ही कागदावर तीन वाटा मांडल्या. शेवटी त्यांनी मोपाहून निघणारं, एकच बदल असलेलं, एका पीएनआरवरचं तिकीट घेतलं. मध्ये साडेतीन तास, व्हीलचेअर दोन्ही विमानतळांसाठी तिकिटावरच नोंदवलेली, दम्याचा पंप हातातल्या पर्समध्ये. लिस्बनला उतरायची वेळ दुपारची आहे. हॉटेल त्यांनी त्याच दिवसापासून घेतलंय.