स्टेशनच्या वायफायने खातं रिकामं होत नाही

फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज आला, तुमच्याकडेही आला असेल. स्टेशनवर, एअरपोर्टवर फ्री वायफाय जोडलं की हॅकर दोन मिनिटात पासवर्ड आणि ओटीपी वाचतो, खातं साफ, फोटोही गेले, उपाय एकच, व्हीपीएन घ्या, म्हणजे तुमचं इंटरनेट कुलूप लावून दुसऱ्या एका कंपनीमार्फत नेणारं अ‍ॅप. माझ्या मावसबहिणीने हे मनावर घेतलं होतं. मागे कल्याण स्टेशनला डेटा संपलेला, परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख, फोनवर रेलवायर, म्हणजे स्टेशनचं फ्री वायफाय, दिसतंय आणि ही जोडायला घाबरली, फॉर्म राहिला तो राहिलाच. मला त्याचा फार राग आहे म्हणून लिहितेय.

पासवर्डचं आधी. एके काळी हे खरं होतं. २०१० मध्ये फायरशीप नावाचं फायरफॉक्स ब्राउझरचं एक्स्टेंशन आलं, त्याने कॅफेत बसून शेजारच्याचं चालू फेसबुक एका क्लिकवर उघडता यायचं, कारण तेव्हा बऱ्याच साइट लॉगिननंतरचं सगळं उघडंच पाठवायच्या. त्यानंतर साइटवाले जागे झाले, फेसबुकने २०१३ पर्यंत सगळ्यांना एचटीटीपीएसवर, म्हणजे माहिती कुलूप लावून पाठवणाऱ्या पद्धतीवर नेलं, पुढे लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या सेवेमुळे छोट्या साइटनाही त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट, म्हणजे साइटचा ओळखीचा दाखला, फुकट मिळायला लागलं आणि २०१८ पासून क्रोम साध्या एचटीटीपी साइटवर 'नॉट सिक्युअर' लिहायला लागला. आता बँकेचं काय किंवा मेलचं काय, फोनमधून निघतानाच कुलूप लागलेलं असतं, वायफायवाल्याला फार तर तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते कळतं, आत काय टाइप केलं ते नाही. अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन, ज्यांचं कामच ग्राहकांना सावध करायचं, तेही आता सांगतं की एन्क्रिप्शन, म्हणजे हेच कुलूप, सगळीकडे आल्यामुळे सार्वजनिक वायफाय सहसा सुरक्षित असतं.

ओटीपी? तो एसएमएसने सिमवर येतो, स्टेशनच्या वायफायवर उघडा फिरत नाही. यूपीआय तर तुमच्या सिमला आणि हँडसेटला बांधलेलं असतं, पिनही फोनमध्येच एन्क्रिप्ट होऊन पुढे जातो.

आणि ज्या मावशीने हा मेसेज टाकला तिचेच दोन वर्षांपूर्वी चाळीस हजार गेले, ते घरात, स्वतःच्या डेटावर. बँकेतून बोलतोय म्हणून फोन आला, केवायसीसाठी लिंकवरून अ‍ॅप टाकायला लावलं, आणि ही चष्मा लावून एकेक आकडा सावकाश वाचून दाखवतेय, समोरचा "हो काकू, पुढचा" म्हणतोय. वायफायचा काही संबंधच नाही. पण तिची भीती सगळी स्टेशनवर, फोनवर मात्र विश्वास.

फोटोंचं एवढंच, वायफाय जोडलं म्हणून कोणाला तुमची गॅलरी उघडता येत नाही.

आता खरा धोका, कारण तो आहे. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात पोलिसांनी एकाला पकडलं, त्याने एअरपोर्टवर आणि विमानात खऱ्यासारख्याच नावाचं वायफाय उभं केलं होतं, जोडलं की एक पान उघडायचं आणि ई-मेल नाहीतर सोशल मीडियाचं लॉगिन मागायचं. म्हणजे तिथेही हवेतून कोणी काही खेचलं नाही, लोकांनी स्वतः भरून दिलं. स्टेशनचं फ्री वायफाय मोबाइल नंबर आणि त्यावर आलेला ओटीपी मागतं, बस. मेलचा पासवर्ड, कार्ड नंबर, अ‍ॅप डाउनलोड करा, यातलं काही आलं की तिथेच बंद करायचं. ब्राउझरने सर्टिफिकेटची वॉर्निंग दिली तर 'तरीही पुढे जा' दाबायचं नाही.

व्हीपीएनने ही फसवणूक थांबत नाही, त्या खोट्या पानावर तुम्ही पासवर्ड भरलात तर व्हीपीएन चालू असतानाही तो जाणारच. वर फुकटचा व्हीपीएन घेतलात तर तुम्ही कुठे कुठे जाता ते स्टेशनवाल्याऐवजी त्या कंपनीला दिसतं, ती कोणाची हे आपल्याला माहीतही नसतं.

केरळात एर्नाकुलम स्टेशनवरच्या एका हमालाने याच फ्री वायफायवर इयरफोन लावून, ओझं वाहता वाहता अभ्यास ऐकला आणि २०१८ मध्ये तिथल्या पीएससीची लेखी परीक्षा पास झाला. माझी बहीण पुढच्या वर्षी परत फॉर्म भरणार आहे. तिच्या फोनमध्ये मी वायफायला आपोआप जोडणं बंद करून दिलंय, बाकी काही नाही.