नगराध्यक्षाने आमदार कसे व्हावे?

नगराध्यक्षपदी निवडून आल्याबद्दल अभिनंदन. 2022च्या कायदादुरुस्तीच्या कृपेने तुम्ही थेट जनतेतून आलात. सभागृहात बहुमत दुसऱ्याच गटाचे आहे, हे गुलाल धुतल्यावर लक्षात येईल. खचू नका. खुर्ची तुमची आणि अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याची ही वाटणी 1965च्या नगरपरिषद अधिनियमाने केली आहे. शिव्या तुमच्या, ही वाटणी गावाने.

आधी अजेंडा वाचायला शिका, तोही तळापासून. पहिला विषय 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. ते वाचत कोणीच नाही, कायम मात्र होते. मधल्या गटारी, पथदिवे आणि घंटागाडीच्या ठेक्यावर नगरसेवकांना पोटभर भांडू द्या. खरा माल शेवटी असतो: 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. चहा आला, निम्मे सभागृह व्हरांड्यात गेले, की तो पुकारावा. एक सूचक, एक अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. ठरावाचा मजकूर नंतर सावकाश लिहिता येतो, तेव्हा सभेत नेमके काय ठरले याची चिंता नको. विरोधक ठरावाला स्थगिती मागायला त्याच अधिनियमाचे कलम 308 घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे धावतील. धावू द्या. स्थगिती आली तर विकास अडवणारे ते!

भूमिपूजने एका रस्त्याची किमान तीन करावीत: प्रशासकीय मान्यतेचे, निविदा उघडल्याचे आणि कार्यारंभ आदेशाचे. नारळ तीन लागतात, कुदळ तीच चालते. कोनशिलेवर पालकमंत्री, खासदार, आमदार राजशिष्टाचाराने वर जातात. तुमचे नाव खाली, पण फरशी ठेकेदार आणणार, म्हणजे अक्षरांची जाडी तुमच्या हातात.

क्रम मात्र चुकवू नका: आधी डांबर, मग जलवाहिनी. दोन्हींचे लेखाशीर्ष वेगळे, निविदा वेगळ्या. रस्त्याचा निधी मार्चअखेर संपवायचा असतो आणि पाइपची मान्यता एप्रिलनंतर उगवते. खोदलेला चर मुरूम भरून, थर देऊन, पाणी मारून दाबायचा असतो. तुम्ही तीच माती वरून लोटा. पहिल्या पावसात चर बसतो आणि पुढल्या वर्षीचे अंदाजपत्रक आपोआप तयार होते.

एवढे जमले की आमदारकी लांब नाही. (पक्ष कोणता, हा तपशील अर्ज भरायच्या आदल्या रात्री पाहू.) विधानसभेतल्या 288 जणांत ओळख हवी, तर याच रस्त्यावर तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा, प्रश्न टाका. (1) रस्ता खचला हे खरे आहे काय, (2) असल्यास चौकशी केली काय, (3) दोषींवर कोणती कारवाई केली, (4) नसल्यास विलंबाची कारणे काय? उत्तर येईल: अंशतः खरे आहे, चौकशी सुरू आहे, अहवालानंतर निर्णय घेण्यात येईल, प्रश्न उद्भवत नाही. कात्रण मतदारसंघात फिरवा आणि स्थानिक विकास निधीच्या वर्षाच्या 5 कोटींतून त्याच रस्त्याला शिफारसपत्र द्या. भूमिपूजनाला नवा नगराध्यक्ष येईलच. फरशी या वेळी तुम्ही करून न्या.