‘चोखंदळ’ यांना, जरा सविस्तर

‘चोखंदळ’, कथाबीजं कशी जमवते आणि गूढकथेकडे का वळले, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. “ताई, एसटी स्टँडवर लोकांचं बोलणं चोरून ऐकावं लागतं, म्हणजे स्वतःचं सांगण्यासारखं संपलं.” आधी ताई, मग हे! त्यापेक्षा ‘अहो बाई’ म्हणाला असतात तर चाललं असतं.

गूढकथा आणि भयकथा हे शब्द मी एकाच अर्थाने वापरले, हे तुमचं बरोबर. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ते ‘चोरून’. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. सुट्टीत त्यांच्या गाडीत बसून मी अख्खा तालुका ऐकलाय. स्टँडवर फोनवर बोलणारा माणूस फलाटभर ऐकू जाईल असंच बोलतो हो, चोरायचं काय त्यात? वहीतली एक नोंद देते. स्वारगेट, रात्री पावणेअकरा, फोनवर एक बाई: “आलास तरी दार उघडणार नाही, आणि नाही आलास तरी झोप लागणार नाही.” बस्स. तो कोण, मला माहीत नाही. मुलगा धरून लिहिली, नवरा धरून लिहिली. दोन्ही वेळा पाचव्या पानावर रडारड सुरू झाली आणि कथा तिथेच बसली. दोन वर्षांनी भांडी घासताना मनात आलं, तो जिवंतच नसेल तर? त्या रात्री कथा उभी राहिली. वाक्य त्या बाईचं. उरलेली अकरा पानं कोणाची? मी वळले ती अशी, ‘दिवाळी अंकांचा बाजार बघून’ नव्हे. (मानधन विचारा एकदा, बाजार हा शब्द परत काढणार नाही.)

शेवट आधीच कळतो, बायका एकसुरी, वगैरे... आवड आपापली.

टोपणनावाला माझी हरकत नाही. जयंत नारळीकरांनीही १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला विज्ञानकथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. खगोलशास्त्रातलं सांगण्यासारखं संपलं म्हणून ते कथेकडे वळले, असं त्यांनाही सुनावलं असतंत का? शिवाय टोपणनावामागून त्यांनी कथा पाठवली होती, टोमणा नाही.

पुढची नोंद रविवारी टाकतेय. तीही स्टँडवरचीच आहे.