‘चालू कंडिशन’ इंजिन घेण्याची खात्रीशीर पद्धत

दारात 1960 च्या आसपासचा टाटा-मर्सिडीज ट्रक, बॉनेटवरचा तीन टोकांचा तारा शाबूत आणि इंजिनाच्या ब्लॉकला मात्र तडा. अभिनंदन! आता बदली इंजिन शोधा. परवाच जुन्या इंजिनांच्या एका भंगार यार्डात ऐकलेला मंत्र पाठ करून निघा: "टाटाच आहे ना साहेब, बसतं."

मोजमाप करू नका. मूळ ओएम 312 इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 90 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 120, नंतरच्या टाटा 692 चा 92 आणि 120, 697 चा 97 आणि 128. पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट एकाचं दुसऱ्याला लागत नाही, ही अफवा समजा. बेलहाउसिंगची (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या आवरणाची) भोकं जुळली नाहीत तर ड्रिल आहेच. संप, म्हणजे इंजिनाखालचा ऑइलचा डबा, पुढच्या ॲक्सलवर टेकला तर कापून वेल्ड मारा.

ताजा रंग मारलेलं इंजिन म्हणजे ताजं इंजिन.

यार्डवाल्याला निघण्याआधी फोन करा, म्हणजे तुम्ही पोचेपर्यंत तो इंजिन गरम करून ठेवेल. मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारी नळी) आधीच गरम आहे का, ते हात लावून बघू नका. ऑइलचं झाकण काढल्यावर भकाभक धूर येतो का, डिपस्टिकवर दुधाळ फेस आहे का, हे बघायला तुम्ही काय पोलीस आहात? ऑइल मधासारखं जाड लागलं तर खूश व्हा: आत गिअर ऑइल ओतलेलं आहे, त्यामुळे प्रेशरचा काटा वर राहतो आणि बेअरिंगची ठकठक दबते. संप उघडा म्हणालात तर उत्तर ठरलेलं: "खोललं की गॅरंटी गेली." कसली गॅरंटी? गेटपर्यंतची! आत क्रँक तीस अंडरसाइझपर्यंत (इंचाच्या तीस हजारांशांनी बारीक) घासून झालेला, जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा त्याचा गोल भाग) अंडाकार, पुढच्या साइझचं बेअरिंग शोधत तुम्ही गावभर फिरणार. आणि शेवटी दुसरा क्रँक विकणार कोण? तोच. पुन्हा रोख.

इंजिन नंबर वाचू नका, डोळ्यांना त्रास होतो.

पावती मागून भल्या माणसाचा अपमान करू नका.

बास झाली थट्टा. नंबरची जागा ग्राइंडरने घासलेली दिसली की तिथूनच मागे फिरा. माल चोरीचा असू शकतो, आणि नंबर असलेली पावती नसेल तर आरटीओत आरसीवर ते इंजिन चढवणार कसं? मायक्रोमीटर घेऊन जा. संप उघडायला लावा, मेन (ब्लॉकमधले) आणि बिग-एंड (कनेक्टिंग रॉडचे) दोन्ही जर्नल दोन-दोन दिशांनी मोजा. उघडू देत नसेल तर उठा. इंजिन थंड असताना पहिला सेल्फ तुम्ही मारा. आणि भलतंच इंजिन कोंबायला चासीचा क्रॉसमेंबर (आडवा दांडा) कापणाऱ्यांनो, टाटांचा मर्सिडीजशी करार 1969 ला संपला, तशी चासी आता कुठून आणणार? याला रिस्टोरेशन म्हणता?

तो तडा गेलेला मूळ ब्लॉक किलोच्या भावाने भंगारात घातलात ना? वॉटर जॅकेटचा (ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीचा) तडा बऱ्याचदा मेटल स्टिचिंगने (वेल्ड न करता धातूच्या पिना बसवून) भरता येतो. जा, वितळला नसेल तर आधी तो परत आणा.