समुद्रससा ओळखायचाय? मग रंग आधी बाजूला ठेवा

समुद्रससा म्हणजे शेवाळ खाणारी, मऊ अंगाची समुद्री गोगलगाय. ओहोटीला खडकांवर फिरणारे वाढले, तसे 'हा कोणता?' विचारणारे फोटोही वाढले. बहुतेक फोटोंत तळहातावर एक तपकिरी, लिबलिबीत गोळा असतो. त्यावरून कुणी छातीठोकपणे नाव सांगितलं, तर खुशाल दुर्लक्ष करा.

पाण्याबाहेर काढला की समुद्रससा अंग टाकतो. डोक्यावरचे दोन गुंडाळीसारखे कान (ससा हे नाव त्यांच्यामुळेच) आत जातात, पाठीवरचे कातडीचे दोन्ही पदर चिकटून बसतात. नेमकं ओळखायला लागतं तेच दिसेनासं होतं. म्हणून फोटो डबक्यात, पाण्याखाली असतानाच काढा. वरून, बाजूने, डोक्याचा आणि शेपटाकडचा, असे चार तरी हवेत. शेजारी पाच रुपयांचं नाणं ठेवलं की आकार कळतो.

रंगाचा भरवसा नाही, कारण तो खाल्लेल्या शेवाळावर आणि वयावर बदलतो. डिवचल्यावर तो सोडतो त्या जांभळ्या शाईचंही तेच. ती लाल शेवाळातल्या रंगद्रव्यातून बनते. नुसतं हिरवं शेवाळ खाल्लेल्याकडे शाई नसू शकते. तेव्हा शाई बघायला प्राणी दाबू नका. त्यातून ओळख पटत नाही, पाणी मात्र गढूळ होतं आणि पुढचे फोटो वाया जातात.

आता समुद्रसशांचे चार गट. ओळखायला सगळ्यात सोपा डोलाबेला. दुधी तिरका कापावा तसं मागचं टोक, त्यावर सपाट चकती आणि तिच्या कडेला झालर. हे एकदा पाहिलं की पुन्हा चुकत नाही.

खरा घोळ होतो बर्साटेला आणि स्टायलोकायलस या दोन गटांमध्ये, कारण निळे ठिपके दोघांनाही असतात. बर्साटेला म्हणजे ओल्या, झिरमिळ्या सुटलेल्या गोधडीचा तुकडा: अंगभर फाटे फुटलेले लांब तंतू, शेपूट आखूड, मुक्काम बहुधा चिखलट वाळूत. स्टायलोकायलस लहान, बरेचदा पाच-सहा सेंटीमीटरचा. अंगावर डोक्याकडून शेपटाकडे जाणाऱ्या बारीक काळसर रेघा, निळ्या ठिपक्याभोवती नारिंगी कडं आणि निमुळतं लांब शेपूट. बर्साटेलाच्या पिल्लाला तंतू कमी असतात, तिथे फसगत होते. अशा वेळी रेघा शोधा.

चौथा गट ॲप्लिसिया. त्याचे पदर मोठे आणि मोकळे असतात. ते उघडले की मधे पातळ कवच झाकणारी त्वचा दिसते. बारीक पांढरे ठिपके आणि त्यांना गडद कडा असतील तर ॲप्लिसिया ऑक्युलिफेरा. मोठी काळी कडी असतील तर जुनी पुस्तकं डॅक्टिलोमेला म्हणतात, पण 2013 च्या जनुकीय अभ्यासानंतर ते नाव अटलांटिकमधल्या प्राण्याकडे राहिलं. आपल्या बाजूच्या समुद्रातला तो ॲप्लिसिया आर्गस. कडी स्पष्ट नसतील तर 'ॲप्लिसिया, जात अनिश्चित' एवढंच लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

जवळ शेवयांच्या गुंत्यासारखं पिवळं-नारिंगी काही दिसलं, तर ती अंडी. त्यांचाही फोटो घ्या, उचलू नका. फोटोसोबत तारीख, जागा आणि तळ खडकाळ होता की चिखलाचा, हे लिहा. आणि उलटलेला दगड होता तसा ठेवा.