बटणं तेवढी कापून घ्या

प्रिय बंधुभगिनींनो, ख्रिस्ती जीवन कसं जगावं हे शिकायला आता बायबल उघडायची गरज नाही, कपाट उघडलं तरी भागतं. कपड्यांवरून आपण रोज जे बोलतो त्यातच सगळी शिकवण दडली आहे, असं गेल्या रविवारी प्रवचनात ऐकलं. आदल्या दिवशी मी आपल्या चर्चच्या मंडळीच्या वस्त्रदानाची पोती निवडत बसलो होतो, त्यामुळे प्रवचन मला जरा जास्तच झोंबलं. त्याचं सार तुमच्यासाठी काढून ठेवलंय.

सुरुवात कंबर कसण्यापासून करा. इफिसकरांस पत्रात (6:14) सत्याने कंबर कसायला सांगितलंय. त्या काळचे लांब झगे पायांत यायचे. कामाला किंवा प्रवासाला निघायचं तर ते कंबरेशी आवळून घ्यावे लागत. आपले कपडे पायांत येत नाहीत, तेव्हा सत्याचीही घाई नाही. आपण कंबर कसायची ती कमिटीच्या निवडणुकीला. बाह्याही त्याच वेळी सरसावाव्यात. उपासनेनंतर खुर्च्या उचलायची वेळ आली की बाह्या खाली घेऊन कफाचं बटण लावावं.

प्रार्थनेत देवापुढे पदर पसरावा, चांगला ऐसपैस. आपल्या दारात कुणी पदर पसरला तर आपला घट्ट खोचून घ्यावा. पदरमोड करायला मंडळीत इतर माणसं आहेत.

टोपी स्वतः घालू नये, दुसऱ्याला घालावी.

प्रीती पापांची रास झाकून टाकते, असं पेत्र लिहून गेला (पहिलं पत्र, 4:8). म्हणून पांघरूण घालायला शिका. फक्त ते कुणावर घालायचं हे माणूस बघून ठरवा. हिशेब ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांवर ते डोक्यापासून पायापर्यंत घातलं की संपतंच. मग एखाद्या गरिबाच्या पोराचं पाऊल घसरलं, तर त्याची लक्तरं वेशीवर टांगण्यावाचून इलाज काय?

योएल संदेष्टा म्हणतो, वस्त्रं नव्हे, हृदयं फाडा (2:13). हृदयाचं काम फार महागात पडतं. आपण वस्त्रंच फाडावीत, आणि फाडून झाली की वस्त्रदानात द्यावीत.

तर, वस्त्रदान. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने ज्याला नाही त्याला एक द्यावा, हे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं सांगणं (लूक 3:11). नीट वाचा. दोनातला एक द्या म्हणाला, कोणता ते बोलला नाही. आपल्या मंडळीने ही फट बरोबर हेरली आहे. पोत्यांतून निघालेला ऐवज सांगतो. एका पायाचा मोजा. चेन तुटलेली पँट, तीही न धुता, खिशात औषधांची चिठ्ठी. गळ्याशी पिवळे पडलेले बनियन. इथवर मी हसत होतो.

मग एक शर्ट हाताला लागला. आकाशी रंगाचा, कॉलर शाबूत, इस्त्रीची घडी तशीच. मनात म्हटलं, चला, कुणीतरी दोनातला चांगला दिला. उलगडला तर एकही बटण नाही. तुटलेली नव्हती, कात्रीने कापलेली होती. समोरच्या सातही जागी दोऱ्याची बारीक टोकं उभी. कफांवर तसंच. आत खाली एक जादा बटण शिवलेलं असतं ना, तेसुद्धा काढून घेतलेलं. त्याच गाठोड्यात खाली आणखी पाच शर्ट, सगळे असेच. म्हणजे घरात कुणीतरी रात्री दिव्याखाली बसलं, एकेक बटण चिमटीत धरून कात्री चालवली, ती मोजून डब्यात टाकली, शर्टांच्या पुन्हा घड्या घातल्या आणि मग प्रभूच्या नावाने पोत्यात भरले!

प्रेषित पौल तुरुंगातून आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो, त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा येताना घेऊन ये, आणि पुढे सांगतो, हिवाळ्याआधी ये. असा निरोप आपल्याकडे आला असता तर? झगा जरूर गेला असता, अस्तर उसवून. निर्गम 22 मध्ये शेजाऱ्याचं गहाण घेतलेलं वस्त्र सूर्य मावळायच्या आत परत करायचा नियम आहे. तो काय पांघरून निजेल, एवढीच देवाची काळजी. आपली काळजी बटणांची.

दुपारी एकजण आले, पन्नाशीचे असतील. त्यांनी तोच आकाशी शर्ट पसंत केला आणि उभ्या उभ्या अंगात घातला. बोटं सवयीने काजांवर गेली आणि तिथेच थांबली. वरपासून खालपर्यंत एकदा चाचपून पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "असू द्या दादा, आत बनियन आहे." शर्टाच्या दोन्ही बाजू एका मुठीत धरून ते गेले. दुसऱ्या दिवशी वेदीवरून "ख्रिस्ताला परिधान करा" सुरू झालं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती मूठ होती.

काय करणार आहात त्या बटणांचं? कशाला लावणार? नको असलेला शर्ट देताना तुम्हाला त्यातही काही वाचवावंसं वाटलं. द्यायचं नव्हतं तर द्यायचं नव्हतं, कुणी जबरदस्ती केली होती? यापो शहरात दानधर्म करणारी दुर्कस वारली तेव्हा विधवा रडत रडत पेत्राला तिने शिवलेले अंगरखे दाखवत होत्या. तुमच्या मागे तुमचा तो डबा दाखवायचा का? लाज वाटू द्या जरा. आणि पोत्याजवळ उभं राहून फोटो काढून घेतलात, तेव्हा तुमच्या अंगातल्या शर्टाची सगळी बटणं जागच्या जागी होती.

येत्या शनिवारी मी पुन्हा बसणार आहे. कपडे आणू नका. डबा घेऊन या. सुई-दोरा माझ्याकडे आहे. समोरची सात, कफांची दोन, आतलं एक, असे सहा शर्ट. साठ होतात. मी मोजून घेईन.